स्लाइम मोल्डचं जीवनचक्र शूट करणं

पावसाळ्यात नाशिकजवळच्या अंजनेरी-ब्रह्मगिरीकडे कुजलेल्या ओंडक्यावर कधीकधी पिवळाधमक बुळबुळीत थर दिसतो, लोक बुरशी समजून पुढे जातात, पण बहुतेकदा तो स्लाइम मोल्ड असतो आणि स्लाइम मोल्ड ही बुरशी नाहीच. तो तासाला जेमतेम सेंटिमीटरभर सरकतो, नुसत्या डोळ्यांना कळतच नाही, म्हणून ठरावीक वेळाने एकेक फोटो काढून ते सलग चालवायचे, म्हणजे टाइमलॅप्स. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी कुंडीत वाटाणे लावून रोज एक फ्रेम घेतली होती, ती हीच पद्धत.

शूटिंगसाठी स्लाइम मोल्डची सगळ्यात सोयीची जात म्हणजे फायसॅरम पॉलिसेफॅलम. बीजाणूतून अमिबासारख्या पेशी निघतात, दोन जुळणाऱ्या पेशी एक होतात आणि मग केंद्रकं वाढत जातात पण पेशी काही विभागत नाही, त्यामुळे तळहाताएवढा पसरलेला तो जीव म्हणजे एकच पेशी असते! अगारच्या (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीच्या) ताटलीत ओट्सचे दाणे टाकले की तो पंख्यासारखा पसरतो, मागे शिरांचं जाळं राहतं. त्या शिरा मायक्रोस्कोपखाली बघाच, आतला रस भरभर एका दिशेला वाहतो, थबकतो, आणि मिनिट-दीड मिनिटात उलटा फिरतो.

खरी गोम इथेच आहे. मिनिटाला एक फोटो घेतला तर २४ तासांचे १,४४० फोटो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमने ५८ सेकंदांची फिल्म, त्यात प्रवास छान दिसतो पण शिरांची धडधड हरवते. ती हवी तर दर ५-१० सेकंदांनी फोटो घ्यावा लागतो, फिल्म लांबली तरी चालेल. माझ्या मते दोन्ही वेगांनी घेतल्याशिवाय हा जीव कळत नाही.

प्रकाशाचं मात्र सांभाळा. निळ्या-पांढऱ्या उजेडापासून तो पळतो, म्हणून दिवा फोटोपुरताच लावायचा. झाकणावर वाफ धरली की फोकस गेलाच. अगार सुकलं तर तो कडक पापुद्रा होऊन झोपतो, पाणी शिंपडलं की पुन्हा जागा होतो, म्हणून ताटली लगेच फेकू नका.

शेवटचा टप्पा उपासाचा. अन्न संपवून काही दिवस उपाशी ठेवला आणि मग उजेड दिला की पिवळ्या शिरा गोळा होऊन त्यांचे टाचणीसारखे देठ उभे राहतात, डोकी काळी पडतात, त्यात नवे बीजाणू. हे बरेचदा एका रात्रीत उरकतं, त्यामुळे त्या रात्री लाईट गेली तरी कॅमेरा बंद पडणार नाही एवढी बॅटरी जवळ ठेवा.