बोटांचे रक्ताभिसरण आणि स्क्लेरोडर्मा : दोष मज्जातंतूंचा की रक्तवाहिन्यांचा?

स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी घट्ट व जाड करणारा आजार, झालेल्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांची बोटे थंडीत आधी पांढरी, मग निळी आणि ऊब मिळाल्यावर लाल होतात. कित्येकांमध्ये हे लक्षण कातडी घट्ट होण्याच्या बऱ्याच वर्षे आधीपासून असते. या लक्षणाला ज्याचे नाव मिळाले, त्या मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात २५ रुग्णांच्या हकिगती होत्या. मज्जासंस्था रक्तवाहिन्यांना अवाजवी आवळते, असे त्याचे मत होते. म्हणूनच १८७४ मध्ये त्याने पाठीच्या कण्यावर विद्युतप्रवाह देण्याचा उपचार सुचवला. पुढे जोनाथन हचिन्सन या इंग्रज शल्यविशारदाने, हा एक स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांत दिसणारे लक्षण आहे, असे दाखवून दिले. आज निदानाच्या वेळी मूळ आजार शोधला जातो, त्याची सुरुवात या आक्षेपात आहे.

मज्जातंतूंची कल्पना मात्र सहजी सुटली नाही. १९२० च्या दशकात हाताकडे जाणारे अनुकंपी मज्जातंतू (रक्तवाहिन्यांना आवळण्याचा संदेश देणारे) कापण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. शस्त्रक्रियेनंतर हात उबदार होई. परंतु काही महिन्यांनी त्रास परते, आणि स्क्लेरोडर्माच्या रुग्णांत तर विशेषच. याचे कारण लंडनच्या थॉमस लुईस या डॉक्टरने १९२९ मध्ये पुढे आणले होते : मज्जातंतू बधिर केला तरी थंडीने बोटाची धमनी बंद पडते, म्हणजे दोष त्या धमनीतच आहे. स्क्लेरोडर्मात धमनीचे आतले अस्तर जाड होऊन पोकळी आधीच अरुंद झालेली असते, त्यामुळे एरवी निरुपद्रवी ठरणारे आकुंचनही रक्त अडवायला पुरेसे होते. लुईसचे म्हणणे शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचायला लागलेला विलंब मला या इतिहासातील सर्वांत खेदाची बाब वाटते.

त्यानंतरची औषधे थेट रक्तवाहिनीवर काम करणारी आहेत. १९८० च्या दशकात या त्रासासाठी वापरात आलेली निफेडिपिन ही धमनीच्या भिंतीतील स्नायू सैल करणारी गोळी बोटे पांढरी पडण्याच्या झटक्यांची संख्या कमी करते. डोकेदुखी, पायांवर सूज आणि रक्तदाब उतरणे ही तिची किंमत आहे. १९७६ मध्ये प्रोस्टासायक्लिन या रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या, शरीरातच तयार होणाऱ्या द्रव्याचा शोध लागल्यावर त्याच धर्तीचे इलोप्रोस्ट तयार झाले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्क्लेरोडर्माच्या १३१ रुग्णांवरील चाचणीत ते पाच दिवस, रोज सहा तास शिरेतून दिले गेले, तेव्हा झटके कमी झाले. शिवाय बोटांच्या जखमा भरून येण्यासही त्याची मदत होते. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या एंडोथेलिन या द्रव्याचा शोध १९८८ मध्ये जपानमध्ये लागला. त्याला अटकाव करणाऱ्या बोसेंटानने नव्या जखमांचे प्रमाण घटवले, पण आधीच्या जखमा लवकर भरल्या नाहीत. उपचार निवडताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

मज्जातंतूंकडे पाहण्याचा प्रयत्न अधूनमधून पुन्हा होतो. १९८० मध्ये एड्रियन फ्लॅट या शल्यविशारदांनी बोटांच्या धमन्यांभोवतीचेच तंतू काढून टाकण्याची मर्यादित शस्त्रक्रिया मांडली, जी औषधांना दाद न देणाऱ्या जखमांसाठी आजही केली जाते. मज्जातंतूंचे संदेश रोखणाऱ्या बोट्युलिनम विषाच्या (बोटॉक्स) इंजेक्शनांबद्दलही आशा होती. परंतु २०१७ च्या चाचणीत स्क्लेरोडर्माच्या रुग्णांच्या एका हातात औषध आणि दुसऱ्या हातात सलाइन टोचले असता, औषधाच्या हातात लक्षणीय फायदा आढळला नाही.