इन्स्टॉल अडतं तेव्हा मशीन काय सांगत असतं

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. या दोन अटींत बसत नाहीत म्हणून कितीतरी धडधाकट मशीनं एका दिवसात ‘जुनी’ झाली. मुंबई-पुण्याच्या आर्किटेक्ट आणि ॲनिमेशनच्या ऑफिसांतून निघालेली वर्कस्टेशनं, म्हणजे जड कामासाठीचे दणकट संगणक, त्यातच येतात. कुणी चाकरमानी गणपतीला येताना गावच्या शाळेसाठी असं एखादं मशीन गाडीत घालून आणतो, कुणी वाडीतल्या वाचनालयाला देतो. मग कोणीतरी सुचवतं, ‘लिनक्स टाका, चालेल.’ लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम. पेनड्राइव्ह लावला जातो, मशीन मध्येच अडतं, आणि निकाल लागतो: लिनक्स काही खरं नाही, किंवा ‘ह्या काय आता चालाचा नाय.’

या निकालाला माझा ठाम आक्षेप आहे. रोजच्या वापरात मशीनची फारशी परीक्षा होत नाही. दोन फायली उघडल्या, एक प्रिंट काढली, संपलं. ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना मात्र काही गिगाबाइटचा दाबून ठेवलेला डेटा पेनड्राइव्हवरून वाचला जातो, प्रोसेसर तो उलगडतो, उलगडलेलं रॅममध्ये ठेवलं जातं आणि तिथून डिस्कवर लिहिलं जातं. यात एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी बहुधा पडताळणीत पकडला जातो. दहा-बारा वर्षं वापरलेल्या मशीनची एवढी कसून तपासणी बहुतेक वेळा पहिल्यांदाच होत असते. अडलेलं इन्स्टॉलेशन हा त्या तपासणीचा अहवाल असतो, आणि तो वाचता येतो.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं. आधी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, सगळे व्होल्टेज स्थिर झाल्याचा इशारा देतो. मग मदरबोर्डवर कोरलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, जुना बायोस किंवा नवा यूईएफआय, जागा होतो, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड तपासतो. जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये पुढची पायरी म्हणजे डिस्कचं पहिलं सेक्टर, फक्त ५१२ बाइटचं. त्यातले ४४६ बाइट बूट करणाऱ्या, म्हणजे सिस्टिम सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या विभागांच्या तक्त्यासाठी आणि उरलेले दोन खुणेचे. तो छोटा प्रोग्रॅम ग्रब नावाच्या मोठ्या प्रोग्रॅमला उठवतो, ग्रब लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल आणि त्याच्यासोबतची तात्पुरती फाइल सिस्टिम रॅममध्ये आणतो, कर्नल हार्डवेअर ओळखतो आणि खरी डिस्क शोधतो. शिमग्यात पालखी वाडीवाडीतून फिरते, आणि ठरल्या वेळी आपल्या दारी आली नाही तर आपण विचारतो, शेवटी कोणाच्या अंगणात होती? इथेही तोच प्रश्न विचारायचा. पडद्यावर शेवटचं काय दिसलं? कंपनीचं चिन्हच दिसलं नाही तर लिनक्सचा तिथे संबंधच आलेला नसतो. ग्रबचा मेनू दिसून पुढे काळोख झाला, तर रॅम, डिस्क आणि बायोस निदान तिथवर तरी चाललेले असतात आणि संशय ग्राफिक्सवर जातो.

किनाऱ्यालगतच्या गावांत मात्र संशयाची सुरुवात हवेपासून करावी. लाटांचे तुषार वाऱ्यावर सुकतात आणि मिठाचे अतिसूक्ष्म कण आत कितीतरी अंतर जातात. खिडकीच्या गजांवर, पंख्याच्या पात्यांवर तो परिणाम आपण बघतोच. कॅबिनेटचा पंखा तीच हवा दिवसभर आत ओढत असतो. कोरडं मीठ वीज वाहत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलं पाणी शोषून स्वतःच विरघळतो. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते याचमुळे. मदरबोर्डवर असा कण विरघळला की तिथे खाऱ्या पाण्याचा सूक्ष्म थेंब तयार होतो, आणि खारं पाणी उत्तम वीजवाहक असतं. जून ते सप्टेंबर कोकणातली आर्द्रता बहुतेक वेळ या मर्यादेच्या वरच असते.

सगळ्यात आधी भोगते ती रॅम. तिच्या तळाच्या कडेला सोन्याचा मुलामा असतो आणि सोनं गंजत नाही. पण मुलामा मायक्रॉनच्या हिशोबात मोजावा इतका पातळ, त्याला बारीक छिद्रं असतात, आणि मिठातलं क्लोराइड त्या छिद्रांतून खालच्या निकेल-तांब्यापर्यंत पोचतं. मालवण तालुक्यातल्या एका शाळेत मी असं मशीन उघडलं होतं. बाहेरून स्वच्छ पुसलेलं, आत पंख्याच्या जाळीला कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. रॅमच्या पट्ट्या काढून उजेडात तिरक्या धरल्या तर सोनेरी कडेवर फिकट हिरवे ठिपके दिसले, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. लिनक्स टाकताना पडद्यावर ‘स्क्वॅशएफएस एरर’, म्हणजे दाबून ठेवलेला डेटा उलगडताना चूक, आणि सोबत डेटा बिघडल्याची तक्रार येत होती. पेनड्राइव्ह दोनदा बदलून झाला होता. शाळेतल्या सरांनी डाउनलोड केलेली फाइल एसएचए-२५६ बेरजेशी, म्हणजे फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारख्या आकड्याशी ताडून पाहिली होती, ती तंतोतंत जुळत होती. म्हणजे फाइल बरोबर, पेनड्राइव्ह बरोबर, आणि तरी वाचलेला डेटा चुकीचा. मग मधल्या वाटेवर रॅमच उरते.

पट्ट्यांची सोनेरी कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि सूत न सोडणाऱ्या कापडाने पुसावी. दुकानात खोडरबर वापरतात. मऊ पांढरं खोडरबर हलक्या हाताने एकदा चालेल, पण शाई खोडायचं खरखरीत खोडरबर सोनं खरवडून काढतं आणि पुढच्या पावसाळ्यात दुखणं दुप्पट होतं. पुसून झाल्यावर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवावा. एकही चूक दाखवली तर ती खरी धरावी, ‘एकच तर आहे’ म्हणून सोडू नये. त्या शाळेतल्या मशीनला पुसल्यानंतरही एका पट्टीत चुका येत राहिल्या. ती पट्टी काढून बाजूला ठेवली आणि इन्स्टॉलेशन सरळ पार पडलं.

वर्कस्टेशनच्या रॅमबद्दल दोन गोष्टी खास सांगायला हव्यात. इंटेलच्या झिऑन प्रोसेसरच्या मशीनांत बहुधा ईसीसी रॅम असते. ती एका बिटाची चूक स्वतः दुरुस्त करते आणि दोन बिटांची चूक ओळखते. चांगली सोय, पण त्यामुळे गंजणारी पट्टी महिनोन्‌महिने चुका करत राहते आणि वरून सगळं ठीक दिसतं. लिनक्स या दुरुस्त्यांची नोंद ठेवू शकतं. डीमेसेज (dmesg) आज्ञा देऊन ‘ईडॅक’ (EDAC) शब्द असलेल्या ओळी बघाव्यात, दुरुस्त चुकांची संख्या वाढत असेल तर ती पट्टी जाण्याच्या वाटेवर आहे. दुसरं म्हणजे, ईसीसीतही रजिस्टर्ड आणि अनबफर्ड असे दोन प्रकार असतात आणि ते एकत्र चालत नाहीत. स्वस्तात मिळाली म्हणून सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम अनबफर्डवाल्या मशीनला जोडली की मशीन नुसतं बीप करत बसतं, आणि बिचाऱ्या जुन्या पट्टीवर आळ येतो.

आता मदरबोर्डवरच्या बटण सेलकडे. सीआर२०३२, तीन व्होल्टचा, कोणत्याही घड्याळजीकडे मिळणारा. मशीन बंद असताना घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग्ज त्याच्यावर चालतात. वर्षभर कपाटाआड पडून राहिलेल्या मशीनचा हा सेल जवळपास नक्की संपलेला असतो, आणि त्याचं संपणं एकमेकांशी अजिबात संबंध नसलेल्या तक्रारींच्या रूपात समोर येतं. तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग इंटरनेटवरून पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, घेताना डेबियन हे लिनक्सचं एक वितरण सांगतं, ही यादी अजून वैध झालेली नाही. त्याच्या दृष्टीने ती भविष्यातली असते. सुरक्षित वेबसाइटही उघडत नाहीत, कारण प्रमाणपत्राची मुदत सुरूच झालेली नसते. माणूस केबल बदलतो, राउटर बंद-चालू करतो, नेटवाल्याला फोन लावतो.

त्याच सेलचा दुसरा प्रताप म्हणजे सेटिंग्ज मूळ पदावर जातात. २०१२ नंतरच्या बऱ्याच वर्कस्टेशनांत बूट करण्याच्या दोन पद्धती असतात, जुनी बायोसची आणि नवी यूईएफआयची. एका पद्धतीत लिनक्स टाकलं, रात्री लाइट गेली, सकाळी सेटिंग दुसऱ्या पद्धतीवर गेलेलं, की पडद्यावर ‘बूट करण्याजोगी डिस्क नाही’ असा संदेश येतो. डिस्कवर सगळं शाबूत असतं. डिस्कचा कंट्रोलर एएचसीआय या साध्या पद्धतीवरून रेड (RAID) या अनेक डिस्क जोडण्याच्या पद्धतीवर जाणं हा याचाच भाऊ. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी सेल बदला, मग तारीख लावा, मग सेटिंग्ज, आणि सेटिंग्जच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पावसाळ्यात तो फोटो उपयोगी पडतोच.

रेडवरून आणखी एक अडचण सांगतो, ती ऑफिसातून निघालेल्या मशीनांना नेमकी येते. तिथे दोन डिस्क जोडून एक केलेल्या असतात. त्यातली एकच आपल्याकडे येते. इंटेलच्या पद्धतीत या जोडीची नोंद डिस्कच्या अगदी शेवटच्या भागात असते आणि साध्या फॉरमॅटने ती पुसली जात नाही. इन्स्टॉलर ती वाचतो आणि डिस्कला अर्धवट जोडीचा सदस्य मानून यादीत वेगळ्याच नावाने दाखवतो, किंवा नीट घेतच नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता चालवलेल्या लिनक्सवरून, वाइपएफएस (wipefs) आज्ञेने त्या खुणा काढता येतात. जुना डेटा नको आहे याची खात्री करून मगच, कारण ही आज्ञा चुकीच्या डिस्कला दिली तर पस्तावायची वेळ येते.

डिस्क खराब आहे की केबल, हा वादही मशीनच मिटवतं. स्मार्टसीटीएल (smartctl) आज्ञा डिस्कच्या पोटातल्या नोंदी दाखवते. क्रमांक ५ आणि १९७ची संख्या वाढत असेल तर पृष्ठभागच खराब होतोय, डिस्क बदला. क्रमांक १९९ वाढत असेल तर डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा बिघडतोय, आणि तिथे बहुधा डिस्कची डेटा केबल (साटा) किंवा तिची गंजलेली टोकं दोषी असतात. किनाऱ्यावर हा १९९ क्रमांक आवर्जून बघावा.

ग्रबनंतरच्या काळोखाकडे येतो. वर्कस्टेशनांत एनव्हिडिया कंपनीची क्वाड्रो ग्राफिक्स कार्डं सर्रास असतात. लिनक्समध्ये त्यांच्यासाठी नूवो हा मुक्त ड्रायव्हर आहे. तो बराचसा स्वयंसेवकांनी कार्डाचं वागणं बघून, अंदाज बांधत लिहिला, कारण कंपनीने अंतर्गत माहिती उघड केलेली नव्हती. हे काम थोर आहे, पण प्रत्येक जुन्या कार्डावर ते बिनचूक चालेलच असं नाही. कर्नलने सुरुवातीलाच पडद्याचा ताबा घेताना गडबड झाली की काळोख. ग्रबच्या मेनूत ई (e) दाबायचं, ‘लिनक्स’ने (linux) सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) हा शब्द जोडायचा, तिथलाच ‘क्वाएट’ (quiet) शब्द काढून टाकायचा आणि एफ१० दाबायचं. पहिल्या शब्दाने कर्नल पडद्याच्या भानगडीत पडत नाही, दुसरा काढल्याने तो काय करतोय ते ओळीओळीने दिसू लागतं. नोमोडसेट हा तात्पुरता उपाय. त्यावर मशीन कायमचं चालवलं तर पडदा संथ राहतो. कंपनीचे स्वतःचे ड्रायव्हर हवे असतील तर क्वाड्रो ६०० किंवा २०००च्या काळातल्या कार्डांची साखळी ३९० क्रमांकाला संपली, त्याआधीच्या पिढीची ३४०ला, आणि नव्या कर्नलवर ते बसवणं जिकिरीचं आहे. मी अशा वेळी नूवोवरच राहावं म्हणतो. शाळेला टायपिंग आणि ब्राउझरसाठी तो पुरतो.

लिनक्सचं कोणतं वितरण घ्यायचं हे प्रोसेसरच्या वयावर ठरवावं. रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीला साधारण २००८च्या अखेरीस आलेल्या नेहालेम पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, दहावीला २०१३च्या हॅसवेलपासूनचा. त्याहून जुन्या मशीनवर ती कर्नलनंतर लगेच थांबते आणि कारणही लिहून दाखवते. डेबियन १३ कुठल्याही ६४-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर चालतं, ३२-बिटसाठी मात्र त्याचा इन्स्टॉलर नाही. डिस्क दोन टेराबाइटहून मोठी असेल तर पार्टिशनचा जुना तक्ता पुरत नाही, जीपीटी हा नवा तक्ता घ्यावा लागतो, आणि बायोसवर जीपीटी वापरताना ग्रबसाठी एक मेगाबाइटचं वेगळं पार्टिशन ठेवावं लागतं. ते राहिलं की शेवटच्या पायरीवर ग्रब बसत नाही.

सगळं होऊन मशीन चालू लागलं, की ते झाकून ठेवायचा मोह होतो, विशेषतः पावसाळ्यात. तसं करू नये. बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असताना चालू मशीनच्या आतली हवा पाच अंशांनी जरी तापली, तरी आतली सापेक्ष आर्द्रता सदुसष्ट-अडुसष्ट टक्क्यांवर येते, म्हणजे मीठ पाझरण्याच्या मर्यादेच्या खाली. बंद, प्लॅस्टिकने झाकलेल्या मशीनला ही सवलत मिळत नाही. वर्कस्टेशन वीज बरीच खातं, म्हणून दिवसभर चालवायची गरज नाही. बऱ्याच वर्कस्टेशनांच्या बायोसमध्ये ठरल्या वेळी आपोआप चालू होण्याची सोय असते. शाळेची वेळ लावून रोज काही तास ते चालू द्यावं, मुलांना त्यावर बसू द्यावं, आणि गडगडाट सुरू झाला की प्लग भिंतीतून काढावा. बटण बंद करून आभाळातली वीज अडत नाही. नेटची केबलही काढावी, कारण पुष्कळदा वीज त्याच वाटेने आत येते.