खर्जाचा दणका आणि कान: पार्श्वभूमी

मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केल्याने बहिरेपण येते, हे बॉयलर ठोकणाऱ्या कामगारांमुळे एकोणिसाव्या शतकातच दिसून आले होते. अशा कानांची ऐकण्याची क्षमता आधी ४,००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने; आकडा जितका मोठा तितकी पट्टी वरची) आसपास घसरते. त्यामुळे पुढची कित्येक वर्षे सगळे लक्ष वरच्या पट्टीतल्या आवाजांवर राहिले.

खर्ज, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज, मागे पडण्याचे मोठे कारण मात्र मोजमापात आहे. १९३३ साली कोणत्या पट्टीतला आवाज किती मोठा भासतो याच्या वक्ररेषा प्रसिद्ध झाल्या. त्यांवरून ध्वनिमापकात ए, बी आणि सी अशी तीन वेटिंग, म्हणजे पट्टीनुसार आवाजाला कमी-जास्त वजन देण्याच्या पद्धती, आली: ए हळू आवाजांसाठी, बी मध्यम आणि सी मोठ्या आवाजांसाठी. ए वेटिंग ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा करते, २० हर्ट्झला ५०. म्हणजे ५० हर्ट्झचा ११५ डेसिबलचा दणका मापकावर फक्त ८५ दिसतो.

हळू आवाजाला ही वजावट योग्यच आहे. कानही खर्ज कमी आत घेतो: मधला कान तो पूर्ण पुढे पाठवत नाही आणि कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीच्या, टोकाशी असलेल्या छिद्रातून दाब दोन्ही बाजूंना सारखा होतो. पण आवाज वाढला की पट्ट्यांमधला हा फरक कमी होत जातो. सी वेटिंग त्यासाठीच होते. शिवाय त्या वक्ररेषा आवाज किती मोठा भासतो ते सांगतात, इजा किती होते ते नाही. तरीही १९६९ साली अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांची ९० डेसिबलची मर्यादा आली ती ए वेटिंगमध्ये. एकच आकडा, वापरायला सोपा, आणि कारखान्यांच्या नेहमीच्या गोंगाटात इजेशी बऱ्यापैकी जुळणारा. त्या गोंगाटापुरते ते चालले, पण निव्वळ खर्जाच्या मोठ्या आवाजालाही तीच फूटपट्टी लागली, ही खरी चूक.

१९६०च्या दशकात अवकाश मोहिमांच्या तयारीत स्वयंसेवकांना १५० डेसिबलच्या आसपासचा खर्ज ऐकवला गेला. कायमचा बहिरेपणा आढळला नाही. पण तो थोड्या वेळाचा मारा होता आणि अनेकांच्या कानांना संरक्षण होते, त्यामुळे त्यावरून रोजच्या कामाचा निष्कर्ष काढता येत नाही.

२०१४ साली २१ तरुणांना ३० हर्ट्झचा आवाज ९० सेकंद ऐकवण्यात आला. ए वेटिंगने तो ८० डेसिबल होता, प्रत्यक्षात सुमारे १२०. निरोगी कान स्वतःहून अगदी क्षीण ध्वनी बाहेर सोडतो. आवाज थांबल्यावरही हे ध्वनी काही मिनिटे हेलकावत राहिले. कॉक्लियाचा तोल तेवढा वेळ ढळला, एवढेच त्यातून सिद्ध झाले. बातम्यांनी मात्र त्याला थेट इजा म्हटले.

फ्रान्सने २०१७ च्या नियमात संगीत कार्यक्रमांसाठी दोन मर्यादा शेजारी ठेवल्या: १५ मिनिटांच्या सरासरीने ए वेटिंगमध्ये १०२ आणि सी वेटिंगमध्ये ११८ डेसिबल. बासचा दणका पहिल्या आकड्यातून सुटला तरी दुसऱ्यात पकडला जातो.