डाव्या कानातलं नाटक: अपडेटनंतर ऑडिओ फिल्टर का अडतो

सांगली-मिरजेकडे नाटक किंवा मैफल चित्रित करताना अनेकदा मिक्सरची वायर कॅमेऱ्याच्या डाव्या चॅनेलला जोडतात आणि उजवा कॅमेऱ्याच्या माइकवर सोडतात. फाइल तशीच दिली तर हेडफोनमध्ये डावीकडे संवाद आणि उजवीकडे पंख्याची घरघर. म्हणून डावा आवाज दोन्हीकडे पसरवणारी एक ओळ एफएफएमपेगच्या (कमांड लिहून ऑडिओ-व्हिडिओ बदलणारा प्रोग्राम) स्क्रिप्टमध्ये कायमची बसलेली असते. एकदा जमली की तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मशीन अपडेट झालं आणि कन्व्हर्शन थांबलं, की तिचं वय कळतं.

(कमांडचे शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि आकडे.)

फाब्रिस बेलार यांनी २००० साली एफएफएमपेग सुरू केलं, तेव्हा त्यात ऑडिओ फिल्टर नव्हते. आवाज वाढवायला '-व्हॉल' हा पर्याय वापरत. त्यात २५६ म्हणजे मूळ पातळी, ५१२ म्हणजे दुप्पट. चॅनेल हलवायला पुढे '-मॅप_चॅनेल' आला. '-एएफ' लिहून फिल्टरांची साखळी लावायची पद्धत रुळली ती २०१२च्या आवृत्त्यांपासून. मग जुने पर्याय आणि नवे फिल्टर बरीच वर्षं शेजारी नांदले, आणि आजचा बराचसा घोळ त्या शेजारातूनच आलेला आहे.

मध्येच २०११ साली प्रकल्पात फूट पडली आणि लिबएव्ही वेगळं झालं. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रणाली त्या बाजूला गेल्या. उबुंटू १४.०४ मध्ये एफएफएमपेगचं पॅकेजच नव्हतं, त्याजागी लिबएव्हीचं एव्हीकॉन्व्ह होतं. दोन्ही प्रणाली २०१५ मध्ये एफएफएमपेगकडे परतल्या. त्या काळातल्या स्क्रिप्टमध्ये '-स्ट्रिक्ट एक्सपेरिमेंटल' अजून लोंबकळत असतं. २०१६च्या ३.० आवृत्तीपासून अंगभूत एएसी एन्कोडरला (आवाज एएसी स्वरूपात साठवणारा भाग) त्याची गरज नाही. राहिलं तरी बिघडत नाही, पण दोष शोधणाऱ्याचा वेळ खातं.

खरी मेख पॅन फिल्टरमध्ये आहे. कुठल्या चॅनेलचा आवाज कुठे जायचा ते तो ठरवतो; सी० म्हणजे डावा, सी१ म्हणजे उजवा. सुरुवातीला त्याचे भाग कोलनने वेगळे करत: पॅन=स्टीरिओ:सी०=सी०:सी१=सी०. २०१३च्या सुमारास फिल्टरांचे पर्याय वाचायची रीत बदलली आणि कोलनच्या जागी उभी रेघ आली. आधी नुसता इशारा मिळे, पुढे सरळ नकार. आज चालणारं रूप असं:

-एएफ "पॅन=स्टीरिओ|सी०=सी०|सी१=सी०"

यातली अवतरणचिन्हं विसरू नयेत. उभी रेघ शेलसाठी, म्हणजे कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामसाठी, पाइप असते: तिथे एक कमांड संपून दुसरी सुरू होते. चिन्हं नसतील तर एफएफएमपेगला फक्त 'पॅन=स्टीरिओ' एवढंच पोचतं आणि ते आउटपुट फाइल दिलेली नाही म्हणून कुरकुरतं. 'सी०=सी०' हा तुकडा शेल व्हेरिएबल समजून मुकाट्याने गिळतं, आणि ओळीत त्यापुढे चित्रासाठीचा '-सी:व्ही' पर्याय असेल तर ती कमांड सापडत नाही म्हणून सांगतं. तीनपैकी एकाही ठिकाणी पॅनचं नाव येत नाही, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

ज्यांनी '-मॅप_चॅनेल ०.१.०' दोनदा लिहून काम भागवलं, त्यांचा हिशेब उशिरा चुकता झाला. एफएफएमपेगच्या ५.१ आवृत्तीत हा पर्याय चालत होता, एप्रिल २०२४च्या ७.० मध्ये काढून टाकला. डेबियन १२ मध्ये ५.१ आहे आणि १३ मध्ये ७.१, म्हणजे एका अपग्रेडमध्ये स्क्रिप्ट बंद. उबुंटू २२.०४ मध्ये ४.४ आणि २४.०४ मध्ये ६.१ असल्याने तिथे ही चूक अजून दिसत नाही. त्यामुळे एकच स्क्रिप्ट एका संगणकावर चालते आणि शेजारच्यावर अडते. बदल म्हणून वरचीच पॅनची ओळ लावायची. आवाजाला फिल्टर लावला की '-सी:ए कॉपी' चालत नाही, तिथे '-सी:ए एएसी -बी:ए १९२के' लिहावं. चित्र मात्र खुशाल कॉपी करावं.

'नो सच फिल्टर' असं आलं तर स्पेलिंगनंतर बिल्ड, म्हणजे प्रोग्रामची बांधलेली प्रत, तपासावं. उदाहरणार्थ, आवाजाचा वेग किंवा स्वर बदलणारा रबरबँड फिल्टर बाहेरच्या लायब्ररीवर चालतो आणि ती न घालता बांधलेल्या बिल्डमध्ये तो नसतोच. 'एफएफएमपेग -फिल्टर्स'च्या यादीत नाव आहे का ते बघावं, मग '-एच फिल्टर=पॅन' असं विचारलं की त्या आवृत्तीतले पर्याय दिसतात. लिनक्सवर 'टाइप -ए एफएफएमपेग' हेही चालवून बघावं, म्हणजे संगणकावरच्या सगळ्या प्रती दिसतात. अपडेट एका प्रतीचं झालेलं असतं आणि चालते भलतीच.

आवाजाची पातळी सारखी करणाऱ्या लाउडनॉर्मचं दुखणं निराळं. २०१६च्या ३.१ मध्ये आलेला हा फिल्टर चूक दाखवत नाही, पण एका फेरीत चालवला तर आतमध्ये आवाज १९२ किलोहर्ट्झवर नेतो. '-एआर ४८०००' न लिहिल्यास एएसी फाइल ९६ किलोहर्ट्झची निघते आणि काही टीव्ही ती वाजवत नाहीत. शिवाय मैफलीत गायक थांबला की तानपुरा हळूहळू वर येतो, कारण फिल्टर शांत जागा उचलतो. त्यावर उपाय म्हणजे दोन फेऱ्या: पहिलीत 'प्रिंट_फॉरमॅट=जेसन' लावून मोजमाप घ्यायचं, दुसरीत ते आकडे आणि 'लिनिअर=ट्रू' द्यायचं. तरीही लक्ष्य पातळी गाठताना शिखरं मर्यादेबाहेर जात असतील, किंवा मूळ चढउतार ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठा असेल, तर तो गुपचूप पहिल्याच पद्धतीवर परततो. दुसऱ्या फेरीतही प्रिंट_फॉरमॅट ठेवावा, म्हणजे शेवटी छापलेल्या आकड्यांत 'नॉर्मलायझेशन टाइप' लिनिअर आहे की डायनॅमिक ते दिसतं.