गांडूळ तोडलं की दोन होतात?
पहिला पाऊस पडला की कोथरूडच्या आमच्या सोसायटीत पोरं काडीने गांडूळ तोडतात आणि ओरडतात, "दोन झाली!" आम्हीही लहानपणी हेच ऐकलं होतं. साफ चूक. शेपटाकडचा तुकडा थोडा वेळ वळवळतो आणि मरतो. डोक्याकडचा, नशीब असेल तर, शेपूट पुन्हा वाढवतो.

आपणहून अंग टाकणारा किडा समुद्रात आहे. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांचा पालोलो प्रवाळाच्या बिळात राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आपल्या वद्य अष्टमीच्या सुमारास, अंडी किंवा शुक्राणूंनी भरलेला त्याचा मागचा भाग तुटून पोहत वर येतो. त्यावर प्रकाश जाणवणारे ठिपकेवजा डोळेही असतात! पण त्याचाही नवा किडा होत नाही. तो पाण्यात फुटून संपतो. मूळ किडा बिळातच, शेपूट वाढवत. वर लोक जाळ्या घेऊन उभे. खायला!