मसाला आधी, दूध नंतर

चहा मसाल्याच्या डबीवर हल्ली एक ओळ हमखास छापलेली असते : 'हजारो वर्षांची परंपरा'. डबी उघडली की वास खरा, ओळ मात्र अर्धीच खरी. सुंठ, मिरी, दालचिनी पाण्यात उकळून पिणं जुनं आहेच. त्याला आपण काढा म्हणतो. पत्ती, दूध, साखर आणि मसाला एकाच पातेल्यात उकळायची घरोघरची रीत मात्र आजी-पणजीच्या पलीकडे फारशी जात नाही.

चहा आणि मसाल्याची गाठ त्याच्या बरीच आधी पडली होती, तीही शेजारी सुरतेत. संभाजी महाराजांची हत्या झाली त्याच वर्षी, १६८९ मध्ये, एक इंग्रज पाद्री सुरतेत होता. त्याने लिहून ठेवलंय की इथले लोक सर्रास चहा पितात. कुणी खडीसाखर घालून, कुणी मुरवलेल्या लिंबासोबत. आणि पाण्यात गरम मसाला टाकून उकळलेला चहा डोकेदुखीवर, मूतखड्यावर, पोटातल्या मुरड्यावर चांगला समजला जातो. या वर्णनात दूध कुठेच नाही. पत्ती चीनची, जहाजाने आलेली. म्हणजे आपल्या कपात मसाला आधी आला आणि दूध नंतर. सगळे उलटं धरून चालतात.

पुढची आसामची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती सोडतो. तिथला माल १८३८ मध्ये पहिल्यांदा लंडनला रवाना झाला आणि मग कित्येक दशकं मळेवाल्यांची नजर तिकडेच राहिली. इकडे पुण्यात १८९० मध्ये पंचहौदच्या मिशनात काही प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटं आली, नावं वर्तमानपत्रात छापली गेली आणि प्रकरण पार प्रायश्चित्तापर्यंत गेलं. भांडण चहाशी नव्हतं, तो कुणाच्या हातचा याच्याशी होतं. हे लक्षात ठेवायचं, कारण पुढे त्याच पुण्यात त्याचं उत्तर निघालं.

चहा इथल्या माणसाला पाजायचा हा विचार पक्का झाला तो विसाव्या शतकात. १९०३ मध्ये निर्यातीच्या चहावर उपकर बसवणारा कायदा आला. त्या पैशातून जाहिरात करायची होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात कापडगिरण्यांत, खाणींत चहाचे ठेले लागले. मंदीत भाव कोसळले, १९३३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीवर मर्यादा आली, आणि उरलेला माल खपवायला देशातलीच तोंडं राहिली. मग प्रचारक दारोदार फिरू लागले. रेल्वे स्टेशनांवर देशी भाषांतल्या पत्र्याच्या पाट्या लागल्या : किटली आधी गरम करा, माणशी एक चमचा पत्ती आणि एक किटलीसाठी, वरून उकळतं पाणी, तीन ते पाच मिनिटं झाकण, दूध-साखर शेवटी.

ही कृती कुणी पाळली? फारसं कुणी नाही. ठेलेवाल्याने पत्ती पाण्यात टाकून रटरट उकळली, दूध-साखर सढळ हाताने ओतली, वर आलं-वेलची ठेचून घातली. प्रचार करणाऱ्यांना हे अजिबात रुचलं नाही. वरवर कारण चवीचं सांगितलं जाई : हा चहाच नव्हे. खरं दुखणं वेगळं होतं. मसाला आणि दूध वाढलं की पत्ती कमी लागते, आणि त्यांना तर पत्ती विकायची होती. मला या भांडणात ठेलेवाल्याचीच बाजू पटते. आज ज्या पेयाला जगभर भारतीय चहा म्हणून मिरवलं जातं, ते चहा कसा करू नये याच्या यादीतलं होतं.

ठेलेवाल्याला शेवटी जिंकवलं ते यंत्राने. १९३० मध्ये आसामच्या एका मळ्यात पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करणारं यंत्र तयार झालं. या सीटीसी चहाचा प्रसार मुख्यतः स्वातंत्र्यानंतर झाला. लांब पानांचा चहा उकळला की कडू होतो आणि दुधात त्याचा नाजूक वास हरवतो. दाणेदार पत्ती चिमूटभर पुरते, लगेच रंग सोडते, दूध, साखर, आलं सगळ्यांना पुरून उरते. शिवाय स्वस्त. घरच्या पातेल्यातला आजचा चहा हा या दाण्याचा चहा आहे.

आता नावाचा गुंता. 'मसाला चहा' हा शब्द आमच्या लहानपणी घरात कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. चहा म्हणजे चहा. त्यात आलं असायचंच. पावसाळ्यात कुंडीतल्या गवती चहाची दोन पाती गाठ मारून पडायची, सर्दी असली तर तुळस, पाहुणे आले तर वेलची. जायफळाला चहात मज्जाव होता, ते कॉफीचं. चहाचा मसाला म्हणून सुंठ-मिरीची पूड डबीत भरून ठेवणं हे आम्ही गुजराती शेजाऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्याकडचा चहा प्यायला की घसा आतून शेकायचा आणि आई म्हणायची, "हा काढा झाला, चहा कुठला!"

त्यात गवती चहा हे आणखी एक त्रांगडं. हे गवत चहाच्या झाडाचं नात्यानेही कुणी लागत नाही. नावातला चहा त्याला उघडच मागाहून चिकटला, कारण घरात त्याचा उपयोग चहातच होऊ लागला. पण नाव असं बसलं की दुधाशिवाय, पत्तीशिवाय नुसतं हे गवत उकळून प्यायलं तरी आपण गवती चहाच घेतो. म्हणजे चहा हा शब्द झाडाचा की उकळण्याचा? मराठीने याचं उत्तर दिलेलं नाही, आणि देण्याची गरजही वाटलेली नाही.

पुण्याने तर मसाला शब्दच टाळला. राजस्थानातून आलेल्या ब्राह्मण कुटुंबांनी १९२० च्या दशकापासून इथे चहाची दुकानं थाटली आणि नाव घेतलं 'अमृततुल्य'. दारातच ओटा, त्यावर पितळी पातेलं, मालक मांडी घालून बसलेला. खलबत्त्यात वेलची-आलं कुटल्याचा आवाज रस्त्यापर्यंत. दूध, पाणी, साखर, पत्ती एकत्र उकळायची, पळीने वर-खाली करायची, फडक्यातून गाळायची. ज्या गावात चहाच्या घोटावरून प्रायश्चित्तं झाली होती, तिथे ब्राह्मणाच्या हातचा चहा मिळू लागला ही साधी सोय नव्हती. इराण्याकडचा चहा मात्र बिनमसाल्याचाच राहिला. गेल्या काही वर्षांत अमृततुल्य ही पाटी तालुक्या-तालुक्यात लागली. खलबत्त्याची जागा बऱ्याच ठिकाणी तयार पुडीने घेतली. परदेशात हेच 'चाय टी' झालं, म्हणजे चहा-चहा. हसायला हरकत नाही, पण गवती चहावाल्यांनी जरा बेतानेच हसावं.

पातेल्यातला क्रमही इतिहासानेच ठरवल्यासारखा वाटतो. मी एकदा घाईत दुधातच कच्चं आलं किसून गॅसवर ठेवलं. कोमट होता-होताच दुधाच्या कण्या झाल्या. दूधवाल्याला शिव्या घालून झाल्यावर कळलं की दोष माझा : आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारा एक घटक असतो. आलं आधी पाण्यात चांगलं उकळलं की त्याचा जोर जातो, मग दूध घाला, फाटत नाही. गुळाचा चहा करताना याच्या उलट. तिथे गूळ सगळ्यात शेवटी, आच बंद करून.

२०२० च्या साथीत केंद्र सरकारच्या पातळीवरून काढ्याचं प्रमाण जाहीर झालं : तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. आमच्या घरात तो चार दिवस नुसत्या पाण्यात उकळला. पाचव्या दिवशी त्यात कुणीतरी पत्ती टाकली, सहाव्या दिवशी दूध.