शरदातली उपकारस्तुती: चर्चच्या हंगामसणामागचा इतिहास

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी उत्तन, वसई आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांतले ‘ईस्ट इंडियन’ म्हणवणारे स्थानिक ख्रिस्ती भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. हा आगेरा. जर्मनीतल्या चर्चच्या बहुतेक मंडळ्या ‘एर्नटेडांक’, म्हणजे हंगामाचे आभार, याच दिवशी पाळतात, आणि इंग्लंडमधल्या खेड्यांतली चर्चही याच सुमारास धान्याने सजतात. आता हे सगळं ‘पीक आलं, देवाचे आभार’ एवढ्यावर आटोपतं. या सणांची मुळं मात्र वर्षाच्या त्या टप्प्यात आहेत जिथे काहीतरी संपतं, हातातून सुटतं, जागा बदलते. शरदातली ख्रिस्ती उपकारस्तुती बदलाच्या ओझ्याखालीच घडली, म्हणून ती इतकी टिकली असं आम्हाला वाटतं.

सुरुवात जुन्या करारात आहे. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात प्रथमफळांची टोपली याजकासमोर ठेवताना शेतकऱ्याने काय म्हणायचं ते ठरवून दिलं आहे. पाऊस चांगला झाला, कणसं भरली, असं तो म्हणत नाही. आपला मूळ पुरुष भटका अरामी होता, तो मिसरात उपरा म्हणून राहिला, तिथे छळ झाला, देवाने बाहेर काढलं आणि हा देश दिला, हे सगळं आधी सांगायचं. टोपलीतल्या फळाचा उल्लेख येतो तो शेवटी. स्वतःच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला स्थलांतराची आठवण करून देणारं हे आभारप्रदर्शन आहे.

मांडवांचा सण तर याहून पुढे जातो. जुन्या करारातल्याच ‘लेवीय’ या पुस्तकाच्या २३व्या अध्यायाप्रमाणे तो सातव्या महिन्याच्या १५ तारखेपासून सात दिवस, म्हणजे आपल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. धान्य, द्राक्षं, सगळं घरात आलेलं असताना घर सोडून फांद्यांच्या मांडवात राहायचं. पुढच्या यहुदी नियमांनी मांडवाची मापंही घालून दिली: उंची वीस हातांपेक्षा जास्त नको, छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या वस्तूंचं हवं, आणि आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी. कोठार भरलेलं असण्याच्या आठवड्यातच माणसाने कच्च्या निवाऱ्यात झोपायचं, हा आदेश नीट विचार करून दिलेला आहे. त्याच अध्यायाच्या २२व्या वचनात शेताचे कोपरे कापू नका, पडलेल्या लोंब्या वेचू नका, त्या गरिबाला आणि परक्याला राहू द्या, असंही बजावलं आहे.

रोमच्या चर्चने हा धागा उपवासाच्या रूपाने पुढे नेला. पाचव्या शतकातल्या पहिल्या लिओ पोपची सप्टेंबरच्या उपवासावरची प्रवचनं उपलब्ध आहेत: बुधवार आणि शुक्रवार उपास, शनिवारी संत पेत्राच्या चर्चमध्ये जागरण, आणि वाचलेलं अन्न गरिबांना. भरल्या हंगामात जेवण कमी करायचं, ही कल्पना आजच्या वाचकाला उलटी वाटेल. लिओचा रोख मात्र साधा होता. मिळालेलं आपलं नाही हे उपाशी पोटाला लवकर कळतं.

मध्ययुगीन युरोपात शरदाचे सण हिशेबाच्या दिवसांना चिकटले. २९ सप्टेंबरच्या संत मिखाएलच्या सणाला इंग्लंडमध्ये खंड भरायचा, करार संपायचे, गडीमाणसं नवा धनी शोधायची. १ आणि २ नोव्हेंबरला सर्व संतांचे आणि सर्व मृतांचे दिवस. त्यातला दुसरा क्लूनी मठाच्या ओदिलोने अकराव्या शतकाच्या उंबरठ्यावर रूढ केला. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा सण, त्या सुमारास हिवाळ्यात पोसता येणार नाहीत ती जनावरं कापून मांस खारवलं जाई. शेतकऱ्याला वर्षातले सगळ्यात कठीण निर्णय घ्यावे लागत ते याच सहा आठवड्यांत, आणि प्रत्येक निर्णयाच्या शेजारी चर्चने एक दिवस उभा केला होता.

धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट देशांत यातले बरेच दिवस गळले. इंग्लंडच्या खेड्यांत कापणीनंतरची मेजवानी उरली, पण ती मालकाच्या खळ्यावर आणि दारूच्या भरात. आज दिसणारा चर्चमधला हंगामसण तिथे रूढ होण्याचं श्रेय मुख्यतः कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावचे पाळक रॉबर्ट स्टीफन हॉकर यांना दिलं जातं. १ ऑक्टोबर १८४३च्या रविवारी त्यांनी गावाला बोलावून नव्या धान्याच्या भाकरीने प्रभुभोजन दिलं. हा किनारा जहाजं फुटण्याचा. आदल्याच वर्षी, सप्टेंबर १८४२मध्ये, ‘कॅलेडोनिया’ तिथे फुटलं होतं आणि वाहून आलेले खलाशी हॉकर यांनी चर्चच्या आवारात पुरले होते. जहाजाच्या नाळेवरची लाकडी मूर्ती कबरींवर खूण म्हणून उभी केली गेली. हंगामसणाच्या उपासनेला येणारा प्रत्येक जण त्या आवारातूनच आत जात होता.

पुढे या सणाची खूण बनलेला पेंढीच्या आकाराचा पाव शोभेचा दिसतो, पण करायला अवघड असतो. कणीक नेहमीच्या पावापेक्षा घट्ट आणि यीस्ट निम्मंच लागतं: १ किलो मैद्याला साधारण ५६० मिली पाणी, २० ग्रॅम मीठ, ५-६ ग्रॅम सुकं यीस्ट. आधी पातळ तळ लाटायचा, त्यावर देठांसाठी बारीक दोऱ्या, वर लोंब्या, मध्ये बांधणीची वेणी, आणि देठांवर चढणारा एक छोटा उंदीर. प्रत्येक लोंबीला कात्रीच्या टोकाने दाणे पाडायचे. नेहमीएवढं यीस्ट घातलं की लोंब्या फुगून एकमेकींत मिसळतात आणि ओव्हनमधून पेंढीऐवजी गोळा निघतो. फेटलेल्या अंड्याचा एक हात देऊन २२० अंशांवर २० मिनिटं, मग अंड्याचा दुसरा हात देऊन १६० अंशांवर अर्धा-पाऊण तास. आठवडाभर ठेवायचा असेल तर १२० अंशांवर आणखी चार-पाच तास वाळवावा लागतो. ही पायरी गाळली तर आतला ओलावा चार दिवसांत बुरशी आणतो.

अमेरिकेतल्या १६२१च्या प्लायमथच्या मेजवानीचं चित्र सगळ्यांना माहीत असतं. त्यामागचा हिवाळा विसरला जातो. मेफ्लॉवर जहाजावरून इंग्लंडहून आलेल्या सुमारे शंभर जणांतले निम्मे तोवर गेले होते. तीन दिवसांच्या त्या जेवणाला तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मासासॉइट आणि त्याचे नव्वदेक पुरुष होते, आणि त्यांच्या वंशजांसाठी पुढची कहाणी भूमी गमावण्याची आहे. १९७०पासून प्लायमथमध्ये थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे आभारदिनाच्याच दिवशी शोकदिन पाळला जातो. १८६३मध्ये लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार आभारदिन म्हणून जाहीर केला, तोही यादवी युद्ध चालू असताना. १९४१च्या कायद्याने तो चौथ्या गुरुवारी आला.

आपल्याकडे ख्रिस्ती हंगामसण दोन वाटांनी आला. पोर्तुगीज काळातल्या कॅथलिक गावांत तो नवं धान्य देवाला वाहण्याच्या आधीच्या चालीवर बसला. गोव्यात सासष्टीतल्या राय गावी ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त होतं, ताळगावात २१ ऑगस्टला, आणि ताळगावात पहिली कणसं कापण्याचा मान गावकारांचा, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांचा. उत्तर कोकणात ऑक्टोबर उजाडतो, कारण तोवर हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात तयार होतं. उशिरा पिकणाऱ्या गरव्याला अजून महिना-दीड महिना असतो. प्रॉटेस्टंट वाट अमेरिकन मराठी मिशनसारख्या संस्थांची. १८३१पासून अहमदनगर हे त्या मिशनचं मोठं केंद्र होतं. मराठी मंडळ्यांच्या हंगामसणात धान्य, भोपळे, अंडी, कोंबड्या वेदीपुढे मांडतात आणि उपासनेनंतर लिलाव करतात. घेणारा कित्येकदा तोच भोपळा परत देतो आणि तो पुन्हा बोलीवर चढतो. देशावर ऑक्टोबरात बाजरी काढून होते आणि ज्वारीची पेरणी चालू असते. एका हाताने दिलेलं मोजायचं आणि दुसऱ्या हाताने बियाणं मातीत सोडायचं, असा हा महिना.

आगेऱ्याच्या लोंब्या कधी कापायच्या याचं गणित जाणती माणसं बरोबर सांगतात. दहांतले आठ दाणे पिवळे झाले की विळा लावायचा. त्याआधी कापलं तर लोंबीच्या बुडाकडचा दाणा दुधाळ असतो, तो वाळून पोचट होतो. उशीर झाला तर मिरवणुकीतच दाणे झडतात. आशीर्वादित लोंब्या वर्षभर घरच्या क्रूसापाशी ठेवायच्या असतात, म्हणून आधी दोन-तीन दिवस सावलीत उलट्या टांगून वाळवलेल्या बऱ्या. ओल्या जुडीला बुरशी येते आणि सोंडे लागतात.

मुंबईतल्या अनेक गावठाणांना आता शेतच उरलेलं नाही. तिथे लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात, आणि आगेरा जमिनीच्या आठवणीचाही सण झाला आहे. टोपलीपुढे स्थलांतराची कहाणी म्हणण्याचा जुना नियम या लोकांना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

बदल हवामानातही आहे. भारतीय हवामान विभागाने २०२०मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. म्हणजे ऑक्टोबरचा पहिला रविवार आता बहुतेक वेळा पावसाळ्यातच पडतो. लोळलेलं भात, भिजलेल्या जुड्या आणि जागेवरच कोंब आलेले दाणे ही अडचण त्यामुळे अधूनमधून येत राहणार. जवळपासच्या मंडळ्यांनी मिळून सण एक-दोन आठवडे पुढे नेला तर परंपरा मोडते, असं काहींना वाटतं. अनुवादाच्या १६व्या अध्यायातलं नववं वचन या वादात उपयोगी पडतं. सप्तकांचा सण कधी करायचा, तर उभ्या पिकाला विळा लावशील तेव्हापासून सात आठवडे मोज, असं तिथे म्हटलं आहे. मोजणी पिकापासून सुरू होते.